वीतभर उजेड

“चष्मा काढ गं, रूपा. आणि चालताना पायाकडं बघत बसू नकोस. मान वर ठेव.”

महानंदाआत्याचा आवाज. आत्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आवाज काही गेला नव्हता. कुणी रूपश्रीला चष्मा काढायला सांगितलं, की तो कुठल्यातरी कोपऱ्यातून उठून यायचाच. आधारकार्डाच्या फोटोच्या वेळी आला होता. आज तो डोळ्यांच्या दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत आला, कारण मशीनपलीकडची मुलगी नुकतंच कानडीत म्हणाली होती, “मेडम, चष्मा काढून ठेवा.”

रूपश्रीनं चष्मा मांडीवर ठेवला. रांगोळीवर पाणी सांडावं तशी समोरची मुलगी, मशीन, भिंतीवरचा तक्ता, सगळं एकमेकांत पसरलं.

“हनुवटी इथं टेकवा. कपाळ पुढं. आत काय दिसतंय?”

“रस्ता,” रूपश्री म्हणाली. “लांब सरळ रस्ता. आणि टोकाला एक फुगा. माणसं बसतात तसला, मोठा.”

“तिकडंच बघा. हलू नका.”

फुगा धूसर झाला, मग लख्ख झाला, मग पुन्हा धूसर. कुणीतरी दुरून त्याच्यावर फुंकर घालत असल्यासारखा.

“त्यात कोण बसलंय का हो?” रूपश्रीनं विचारलं.

मुलीला हसू आलं. “मी रोज इतक्या लोकांना हा फुगा दाखवते, मेडम. हे कुणी विचारलंच नाही. मलाही ठाऊक नाही.”

“मग एकदा बघा की. तुमचंच मशीन आहे.”

बाहेर अनिलकुमार तिची पर्स मांडीवर धरून बसला होता. बेंगळुरूतल्या के. आर. पुरमच्या बाजारात, घराखालीच, त्याचं मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. आज सकाळपासून शटर खाली होतं. दुकानात तो जसा गिऱ्हाइकाची साडी पदरासकट मांडीवर घेऊन बसतो, तशीच त्यानं पर्स धरली होती, कुठं चुरगळू नये म्हणून.

“झालं?”

“एवढ्यात कुठलं? आता थेंब घालणार आहेत. बाहुल्या मोठ्या करायच्या म्हणे. मग डॉक्टर आत डोकावून बघणार.”

“सरी,” अनिलकुमार म्हणाला. त्याचं निम्मं बोलणं या एका कानडी ‘बरं’मध्ये भागायचं.

हे सगळं सिद्धीनं घडवून आणलं होतं. सिद्धी त्यांची एकुलती एक मुलगी, बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत कामाला. गेल्या पावसाळ्यात तिनं स्वतःचे डोळे लेझरनं करून घेतले, कुणाला न विचारता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातूनच ओरडली होती, “आई! डोळे उघडले आणि डायरेक्ट पंखा दिसला! पाती दिसली. पात्यांवरची धूळसुद्धा!”

“मग पुसायचास की,” रूपश्री स्वयंपाकघरातून म्हणाली होती.

बोलून गेली खरी, पण तो पंखा तिच्या मनातून हलेना. जाग आली की आपला हात आधी उशीशी चाचपडतो, चष्मा सापडतो, मग सकाळ होते. शाळेत असल्यापासूनची ही रीत. पण जाग यायच्या आधीच जग तिथं तयार उभं असेल तर? झोपेतून उठून एकदम दाराशी उभ्या पाहुण्यासारखं? कसं वाटत असेल ते? भीती, आनंद, की काहीच नाही? सिद्धीला विचारलं तर ती म्हणाली, “आई, इट्स जस्ट नॉर्मल. आता लक्षातही येत नाही.” हे उत्तर काही रूपश्रीला पुरलं नाही. ज्याचं इतकं कुतूहल वाटावं, ते महिन्याभरात लक्षातही येऊ नये?

आणखी एक गोष्ट तिनं पाहिली होती. सिद्धीच्या नाकाच्या दोन्ही अंगांना चष्म्यानं पडलेल्या खुणा होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. दिवाळीपर्यंत त्या पार मिटल्या. तिथं कधी काही टेकलं होतं याची साक्षच राहिली नाही.

आता सिद्धी आईच्या मागं लागली होती. लेझरसाठी गुरुवारची तारीख धरून ठेवली होती. आज तपासणी, आणि संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही.

नाही म्हणायला रूपश्रीकडं कारण नव्हतं, हो म्हणायला धीर नव्हता. आणि नवऱ्याला विचारावं, तर तो म्हणायचा, “तुला पाहिजे तसं.”

“तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय मी.”

“मला काय वाटायचं? डोळे तुझे.”

दुकानातसुद्धा तो असाच. गिऱ्हाईक म्हणतं, अण्णा, हे मॅच होतंय ना? हा काही बोलत नाही. कापड आणि साडी दोन्ही उचलतो, दुकानाबाहेर उन्हात नेतो, उलटंपालटं करून बघतो, मगच सरी म्हणतो. ट्यूबलाइटच्या उजेडावर त्याचा विश्वास नाही. पण कापडाला निदान ऊन तरी दाखवतो, बायकोच्या प्रश्नाला कुठं नेतो कोण जाणे, असं रूपश्रीच्या मनात यायचं.

थेंब झोंबले. डोळे मिटून बसायला सांगितलं होतं. शेजारी अनिलकुमार, मधे पर्स. मिटल्या डोळ्यांपुढं चिकपेटेतलं माहेरचं घर आपोआप उभं राहिलं.

त्या दिवशी महानंदाआत्यानं तिचा चष्मा काढला आणि थेट तांदळाच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं. “नाकावर भिंगं घेऊन बसलीस तर कोण पसंत करंल? मंडळी उठून गेली की घे काढून.” आपल्या लोकांत ही रीतच होती. चष्म्याची पोर चष्म्याविना दाखवायची. सगळ्यांना ठाऊक, आणि कुणालाच ठाऊक नाही. मग आत्यानं पदर सारखा केला, साडी पुन्हा चापूनचोपून नेसवली, वेणीतला मोगरा दोनदा बदलला. कॉफीचा ट्रे हातात दिला आणि पाठीवर हात ठेवून तिला बाहेर लोटलं.

बाहेरच्या खोलीत नुसते रंग बसले होते. एक पांढरा, एक निळा, एक तपकिरी. त्यातला नवरामुलगा कुठला, हे देवालाच ठाऊक. रूपश्री मान वर ठेवून पांढऱ्याच्या रोखानं निघाली. दोन पावलं, चार पावलं. तेवढ्यात कुणीतरी जरा मोठ्यानंच बोललं, “स्वल्प थांबा. तुंबा बिसी आहे. मीच घेतो.”

ती थांबली. निळा रंग उठून जवळ आला आणि ट्रे तिच्या हातातून अलगद गेला.

थांबा, खूप गरम आहे, मीच घेतो. एवढंच तर होतं. पण तिच्या उभ्या जन्मात, हाताला चटका बसेल म्हणून आधी सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. बसला की फुंकर घालणारी मात्र पुष्कळ होती. रात्री वडलांनी विचारलं, मुलगा पसंत आहे का? तिनं मान हलवली. आवाज पसंत होता. मुलगा तिनं पाहिलाच नव्हता.

लग्नातही चष्मा ट्रंकेतच राहिला. अंतरपाट दूर झाला तरी तिच्यापुढं दुसरा होताच. नवऱ्याचं तोंड तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं, ते तो वीतभर अंतरावर आला तेव्हा.

तिसऱ्या दिवशी तिनं मनाचा हिय्या करून चष्मा लावला. सासूबाई दचकल्या. “अगंबाई! हे काय?” सासरे वासुदेवराव पेपरमागं गेले. अनिलकुमार काहीच बोलला नाही, चप्पल घालून दुकानाला निघून गेला. तिला वाटलं, संपलं. संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या हातात मलमलचा चौकोनी तुकडा होता, कडा दुमडून शिवलेला. “पदरानं पुसलं की चरे पडतात,” म्हणाला. तेव्हापासून जुना विरला की नवा तुकडा यायचा. चष्म्याविषयी एवढंच काय ते बोलणं झालं, संसारभरात.

आणि तिनंही कधी सांगितलं नाही. आधी भीती होती, फसवून दिली म्हणतील. पुढं भीती गेली, पण लाज आली. ज्या माणसाला न बघताच हो म्हटलं, त्याला ते सांगायचं कोणत्या तोंडानं?

“अक्का, या आत,” नर्सनं हाक मारली.

डॉक्टर कावेरी सिद्धीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. कानडीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून कानडीत त्यांची सहज जा-ये चालली होती. त्यांनी बराच वेळ प्रकाशाची तिरीप डोळ्यांत फिरवली आणि मग खुर्ची मागं घेतली.

“डोळे चांगले आहेत. लेझर करता येईल. तुम्ही काम काय करता?”

रूपश्रीनं आपल्याच साडीचा पदर पुढं केला. पदराच्या टोकाला रेशमाचे गोंडे होते, एकेका गोंड्याच्या माथ्यावर मोहरीएवढा सोनेरी मणी. “हे. कुच्चू. लग्नाच्या साड्यांना बांधते.”

डॉक्टरांनी पदर हातात घेतला. “हे एवढं बारीक? चष्मा लावून?”

“छे, काढून. चष्म्यातून जवळचं हल्ली अंधूक दिसतं. काढला की असं,” तिनं तळहात नाकासमोर धरला, “इथं अगदी स्वच्छ.”

डॉक्टरांनी पदर सोडला. “मग नीट ऐका. तुमची चाळिशी झाली. लेझरनंतर दूरचं छान दिसेल, पण जवळच्यासाठी चष्मा लागेल. आणि आज तुम्ही चष्मा काढून जे बघता ना, ते जाईल. कारण तेव्हा काढायला काही उरणारच नाही.”

“परत आणता येणार नाही?”

“नाही. एक उपाय असतो. एक डोळा दूरचा करायचा, दुसरा थोडा जवळचा ठेवायचा.”

“म्हणजे एक डोळा सासरी, एक माहेरी?”

डॉक्टर खळखळून हसल्या. “तसंच. वाचण्यापुरतं जमतं. पण हे मणी ओवायचं अंतर त्यातही मिळणार नाही. आता हे दोन्ही मी सांगितलं. ठरवायचं तुम्ही.”

परतीच्या रिक्षात रूपश्रीच्या डोळ्यांवर चष्मा, त्याच्यावर दवाखान्यानं दिलेला काळा कागदी चष्मा. तरी ऊन आत घुसत होतं. रिंग रोडवर नेहमीसारखी सगळी वाहनं एकमेकांना टेकून उभी होती. के. आर. पुरमचा झुलता पूल आला. त्याच्या तारा उन्हात अशा चकाकत होत्या, की तिला वाटलं, कुणा थोरल्या बाईनं आभाळाच्या पदराला कुच्चू बांधायला घेतलेत आणि धागे ताणून ठेवून ती कुठंतरी पाणी प्यायला गेली आहे.

“बघा हो, केवढ्या तारा,” ती म्हणाली.

“हं.”

“रोज दिसतात. आज जास्त दिसतात.”

“हं. थेंबांमुळं असेल.”

तिनं वेळ बघायला मनगट वर केलं. घड्याळाच्या जागी नुसती पांढरी चकती. काटे नाहीत, आकडे नाहीत. हात लांब धरला, जवळ आणला. काही नाही. पूल दिसतोय, पुलावरचा पाट्या लावणारा माणूस दिसतोय, आणि स्वतःचा हात दिसत नाही. तिला आधी गंमत वाटली, मग धास्ती. लेझरनंतर असंच व्हायचं का आपलं?

घरी येऊन जेवण झालं. अनिलकुमार खाली दुकान उघडायला गेला. रूपश्री खिडकीशी बसली. समोर धनलक्ष्मीअक्कांच्या मुलीची लग्नाची साडी होती, डाळिंबी अंगाची, हिरव्या पदराची. निम्मे कुच्चू व्हायचे होते. तिनं मुद्दामच चष्मा न काढता धागा घेतला. बोटांना काम ठाऊक होतं, पण डोळ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. हिरवं नुसतं हिरवं होतं. मण्याचं भोक कुठं, सुईचं टोक कुठं? दोनदा सुई बोटात घुसली.

मग तिनं चष्मा काढला.

आणि वीतभर अंतरावर सगळं परत आलं. रेशमाचा एकेक पदर, त्याच्यावरची बारीक लव, पिळात अडकलेला उजेड. हिरव्या धाग्यात मोरपिशी झाक होती, आणि त्या मोरपिशीच्या आत कुठंतरी तांबडी. ती त्याच्या आत अजून काय आहे ते बघत राहिली. या वितीपलीकडं खोली नव्हती, खिडकी नव्हती, बेंगळुरू नव्हतं. पण वितीच्या आत जे होतं, ते दुसऱ्या कुणाला कधी दिसलं असेल असं तिला वाटेना.

आई गुणगुणायची ते तिच्या ओठांवर आलं. आई निपाणीकडची, तिला ओव्या जोडायचा नाद होता. मनानंच रचायची आणि विसरून जायची. एकच तेवढी रूपश्रीकडं राहिली होती.

“सुईच्या नेढ्यातून माझं बघून झालं गाव,
दूरच्या डोंगराचं, बाई, ठावं न्हाई नाव.”

तिनं सुई डोळ्याशी धरली आणि नेढ्यातून खरंच बाहेर बघितलं. गाव काही दिसलं नाही. तिला स्वतःचंच हसू आलं.

फोन वाजला. सिद्धी.

“आई, काय म्हणाल्या डॉक्टर? फिट आहेस ना?”

“आहे.”

“मग गुरुवार कन्फर्म करू?”

“नको.”

“का? भीती वाटते? अगं दहा मिनिटांचं काम असतं. मी सोबत असेन ना.”

“भीती नाही गं. मला तुझा पंखा बघायचा होता. खरंच बघायचा होता. पण त्याच्यासाठी माझं जवळचं द्यावं लागतंय. ते मला नाही द्यायचं.”

“जवळचं म्हणजे? कुच्चू? आई, किती दिवस करणार आहेस तू कुच्चू?”

“कुच्चू नव्हे. ते... कसं सांगू तुला. घरात एक खोली असावी आणि तिची किल्ली फक्त आपल्याकडं असावी, तसं आहे ते.”

सिद्धीनं श्वास सोडला. “अप्पांनी नको म्हटलं का?”

“तुझे अप्पा काही म्हणतात का कधी?”

“ओके. पण आई, तू हे स्वतःसाठी ठरवतेयस ना? मी केलं ते माझ्यासाठी केलं.”

“हो,” रूपश्री म्हणाली, आणि हे हो आपल्या तोंडून इतकं सरळ निघालं याचं तिलाच नवल वाटलं. “पंखा पुसत जा मात्र.”

संध्याकाळी अनिलकुमार वर आला. तिच्या डोळ्यांना आराम म्हणून त्यानंच कॉफीचा फिल्टर लावला, दूध तापवलं. ती चष्मा न घालताच खिडकीशी बसली होती. तो आला, म्हणजे एक फिकट निळा रंग दारातून आत आला आणि मोठा होत गेला.

तिनं हात पुढं केला.

“स्वल्प थांब,” तो म्हणाला. “बिसी आहे.”

लोटा त्यानं डबऱ्यात, त्या खोलगट वाटीत, ठेवून तिच्या दोन्ही हातांत दिला. रोजच देत असेल. रोजच हे म्हणत असेल. आज मात्र तिनं ते ऐकलं.

“गुरुवारचं नको म्हणून सांगितलं सिद्धीला,” ती म्हणाली.

“सरी.”

“सरी काय, सरी? बरं केलंस म्हणा, चूक केलीस म्हणा, वेडी आहेस म्हणा. बाहुल्या मोठ्या केल्या म्हणून तुमच्या मनातलं दिसत नाही मला.”

तो समोर बसला.

“ऐका. एक सांगायचं राहून गेलंय,” ती म्हणाली. चष्मा नव्हता म्हणून बोलणं सोपं झालं होतं, समोर नुसता रंगच होता. “तुम्ही मला बघायला आलात त्या दिवशी मी तुम्हाला बघितलंच नव्हतं. आत्यानं चष्मा तांदळाच्या डब्यात टाकला होता. मला कोण कुठला काही कळत नव्हतं. तुमच्या आवाजावर हो म्हटलं मी. नुसत्या आवाजावर. इतकी वर्षं सांगितलं नाही.”

तिला वाटलं, तो हसेल. किंवा उठून जाईल.

“ठाऊक होतं,” अनिलकुमार म्हणाला.

“काय ठाऊक होतं?”

“तुझ्या नाकावर दोन खुणा होत्या. ताज्या. आत्ताच चष्मा काढल्यासारख्या.” तो एकेक शब्द उन्हात नेऊन बघितल्यासारखा बाहेर काढत होता. “मला कळलं, या पोरीला काही दिसत नाही. घरच्यांनी एवढं झाकलं होतं. मी कशाला उघडं पाडू? म्हणून गप्प बसलो.”

“आणि नंतर? आत्तासुद्धा? मी विचार विचार विचारलं...”

“तुला चष्मा काढ म्हणून सांगणारं एक माणूस झालं होतं, रूपा. ठेव म्हणून सांगणारं दुसरं मी कशाला व्हायचं?”

रूपश्रीनं नाकावरून बोट फिरवलं. दोन्ही खुणा होत्या जागेवर.

“पण आवाज काही खोटा नव्हता,” ती म्हणाली. “कॉफी बिसी होती म्हणून माझा हात वाचवलात तुम्ही. मी त्यालाच हो म्हटलं.”

निळा रंग हलला. तो उठून जवळ आला, अगदी जवळ, वितीच्या आत. तिथं त्याचं तोंड स्वच्छ झालं. पांढरी होत चाललेली मिशी, डोळ्यांखालच्या रेषा, आणि कधी न पाहिलेलं थोडं ओशाळं हसू.

“बिसी कुठली, रूपा,” तो म्हणाला. “तुझ्या आत्यानं तुला आत एवढा वेळ सजवलं, कॉफी पार गार झाली होती. तुझ्या पावलापुढं तिपाई होती.”